फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) अंडर-16 आशिया स्पर्धेत मुलीला भारताकडून खेळायचं असेल तर काय करावं? वय 14, उंची 5 फूट 2 इंच, चालेल का?

शेवटचं "चालेल का" नसतं तर मी उत्तर लिहिलंच नसतं. निवडीच्या पायऱ्या तुम्हाला कुठलाही कोच सांगेल. जिल्हा, मग राज्य, मग 16 वर्षांखालील यूथ नॅशनल्स, तिथून भारताच्या कॅम्पचं बोलावणं आणि कॅम्पमधून बारा जणी. शालेय स्पर्धांची वाट वेगळी आहे. तिथे पदक मिळालं म्हणजे इंडिया कॅम्पचं पत्र येईल, असं धरून बसू नका.

आता उंची.

2017 ची भाऊबीज. लेक तेव्हा तेराची, जेमतेम पाच फूट. दादाला ओवाळून झालं आणि मी सहज म्हणाले, आम्ही दोघी उद्यान एक्सप्रेसनं बेंगळुरूला चाललोय, कंठीरव स्टेडियमवर आशियातल्या सोळा वर्षांखालच्या मुलींच्या मॅचेस आहेत. दादानं हातातली करंजी ताटात ठेवली. "हिची उंची बघितलीस का? कॅरम लाव तिला. बसून खेळायचं, पडायची भीती नाही." सगळे हसले, वहिनीसुद्धा. लेक तोंडातला घास गिळून आतल्या खोलीत गेली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आलीच नाही.

कंठीरवात आम्ही अगदी खालच्या रांगेत होतो. जपानची मॅच. त्यांची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारी, जवळजवळ माझ्या लेकीएवढीच. खेळ थांबला की ती तळहातानं बुटाचा तळ पुसायची, आधी डावा, मग उजवा. अंगावर उंच मुलगी आली की वर बघायचीच नाही, बॉल तिच्या गुडघ्यांजवळून काढून न्यायची. समोरच्यांनी बॉल आत टाकला रे टाकला की जपानच्या दोघी जणी अंगावर. आठ सेकंदांत आपलं अर्धं कोर्ट ओलांडावं लागतं, ते त्या बिचाऱ्या उंच मुलींना जमेना. माझी लेक शेजारी बसून माझ्या मांडीवर बोटं आपटत होती. मला वाटलं, कंटाळली. रात्री लॉजवर कळलं, ती त्या मुलीचं ड्रिबल मोजत होती. बूट पुसायची सवय तिला तिथूनच लागली, अजून आहे.

(आपल्या मुली तेव्हा बी डिव्हिजनमध्ये, म्हणजे खालच्या गटात होत्या आणि ती जिंकून वरच्या ए मध्ये चढल्या. पण पुढची स्पर्धा लांबत लांबत 2022 मध्ये अम्मानला झाली, तोवर चढवणाऱ्या पोरी वयाबाहेर गेलेल्या. म्हणून आधी जन्मवर्ष मोजा. वय 1 जानेवारीपासून धरतात. 2017 साठी जन्म 1 जानेवारी 2001 किंवा त्यानंतरचा लागत होता. डिसेंबरात जन्मलेलं पोर आठवड्याभरानं वर्ष गमावतं. आणि "दाखल्यात थोडं इकडेतिकडे करू" म्हणणारा कोणी भेटला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतात, आणि बदनामी पोरीची होते.)

मग आलं टोकियो ऑलिंपिक. जपानच्या बायकांनी रौप्य घेतलं. त्यांची पॉइंट गार्ड रुई माचिदा, उंची 162 सेंटीमीटर. सेमीफायनलला फ्रान्सविरुद्ध तिनं 18 असिस्ट (बास्केट होईल असे पास) दिले, तो ऑलिंपिक विक्रम झाला. 162 म्हणजे 5 फूट 4 सुद्धा पुरतं नाही. मी ते कात्रण घरच्या ग्रुपवर टाकलं. दादानं अंगठा दिला. नुसता अंगठा.

तर चालेल. तुमची मुलगी चौदाची आहे, वाढेलही. पण गार्डच खेळायचं, आणि डावा हात उजव्याइतका झाला पाहिजे. आमची पार्किंगमध्ये रोज अर्धा तास फक्त डाव्यानं बॉल मारायची, वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार येईपर्यंत. दहावी आणि कॅम्प एकत्र आले तर नातेवाइकांची सभा भरवू नका. क्रीडा गुणांची सवलत आहे, अभ्यास ट्रेनमध्येही होतो. मामा-काकांना ओवाळा, ओवाळणी घ्या आणि गाडी पकडा.

आता हेही सांगते, नाहीतर खोटं बोलल्यासारखं होईल. माझी लेक भारताकडून खेळली नाही. दहावीच्या वर्षी राज्याच्या कॅम्पमधून शेवटच्या छाटणीत गेली. निवड समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "हात चांगला आहे हो, पण उंची..." उंची लागत नाही, असं मी म्हणतच नाही. ऑस्ट्रेलिया, चीनच्या पंधरा वर्षांच्या पोरी बघितल्यात मी, मान दुखते. समान खेळ असला तर उंच मुलगीच घेतील, म्हणून तुमचीचा खेळ समान असून भागणार नाही. माझी लेक युनिव्हर्सिटीकडून खेळली, यातच दादाला तो बरोबर ठरल्यासारखं वाटतं. वाटू दे.

आणि पासपोर्ट. तो सोळा पूर्ण व्हायच्या आत काढून ठेवा. फिबाच्या पात्रतेच्या नियमात सोळाव्या वर्षाआधी पासपोर्ट हातात असण्याला महत्त्व आहे, आणि कॅम्पचं पत्र आल्यावर धावपळ करून काही होत नाही. आम्ही लेकीचा काढला तो अठरावं लागल्यावर, तोही दादाच्या मुलाचं लग्न दुबईला होतं म्हणून.