न मागवलेली पॅकेजं आणि त्यांचे बेपत्ता मालक

प्रश्न : आमच्या नोड प्रोजेक्टमध्ये (ब्राउझरबाहेर चालणारं जावास्क्रिप्ट) ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही तयार कोडची पॅकेजं आणणारी आज्ञा चालवली की ‘इनफ्लाइट’ मेमरी गळवतं, वापरू नका, अशी सूचना येते. आमच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे आम्ही मागवलेल्या पॅकेजेसच्या यादीत, हे नावच नाही! ऑडिटमध्ये (पॅकेजेसमधल्या ज्ञात त्रुटींची तपासणी) ‘रिक्वेस्ट’ हे वेबवर विनंत्या पाठवणारं पॅकेजही दिसतं, ते एसएमएस पाठवणाऱ्या एका सेवेच्या एसडीकेतून (सेवा वापरण्यासाठी तिनं दिलेला तयार कोड) आलंय. त्या त्रुटी आपोआप दुरुस्त करणाऱ्या ऑडिट फिक्सनं काही होत नाही. आमचे टीम लीड म्हणतात, त्यालाच फोर्स हा पर्याय लावून टाक. लावू का?

उत्तर : नका लावू. फोर्स लावलात की एनपीएमला तुमच्या थेट पॅकेजेसची मोठी आवृत्ती बदलायची मुभा मिळते, कधी तर ते मागच्या आवृत्तीवर नेऊन ठेवतं. मग ऑडिट राहतं बाजूला आणि तुम्ही तुटलेलं बिल्ड जोडत बसता.

बेवारस पॅकेजच्या मागे धावू नका. त्याला घरात कोणी आणलं ते शोधा. ‘एनपीएम एक्सप्लेन इनफ्लाइट’ चालवा. माझा अंदाज, साखळी ईएसलिंट ८ (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, म्हणजे लिंटर) पासून निघेल : फाइल-एन्ट्री-कॅश, फ्लॅट-कॅश, रिमराफ ३, ग्लोब ७, आणि तळाशी इनफ्लाइट. यातलं तुम्ही स्वतः निवडलेलं फक्त ईएसलिंट. म्हणजे निर्णय तिथेच घ्यायचा. एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या आवृत्ती ९ वर गेलात की ही शेपटी गळून पडते. त्यासाठी कॉन्फिग नव्या ‘फ्लॅट’ पद्धतीनं लिहावं लागेल, हे खरं कंटाळवाणं काम. पण घाई नाही. मेमरी गळते ती दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरला जाचते. लिंटर काही सेकंदांत संपतो आणि त्याची मेमरी त्याच्याबरोबर जाते.

मधल्यामध्ये ओव्हरराइड्स (पॅकेज डॉट जेसनमधली, आतल्या पॅकेजची आवृत्ती सक्तीनं बदलणारी नोंद) टाकून रिमराफ पाचवर ढकलायचा मोह होईल. चौथ्या आवृत्तीपासून रिमराफमधले कॉलबॅक गेले आणि प्रॉमिस आले (काम संपल्याचं कळवण्याच्या या जुन्या-नव्या पद्धती). त्याला जुन्याच पद्धतीनं हाक मारणारं एखादं पॅकेज तुमच्याकडे असेल, तर सूचना गेली तरी कोड मोडेल.

रिक्वेस्टची गोष्ट वेगळी आहे. ते फेब्रुवारी २०२० मध्येच अधिकृतपणे बंद झालं. २०२३ मध्ये त्यात सापडलेली त्रुटी (रीडायरेक्ट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर किंवा उलट गेलं, तर सर्व्हरला अंतर्गत पत्त्यांवर जाऊ न देणारा बचाव चुकवता येतो) मूळ पॅकेजमध्ये कधीच दुरुस्त झाली नाही. म्हणून ऑडिट फिक्स हात वर करतं. तुमचा एसडीके एकाच ठरलेल्या पत्त्यावर बोलत असेल तर धोका कमी. पत्ता वापरकर्त्याकडून येत असेल तर आजच हलायला हवं.

एसडीकेची नवी आवृत्ती आहे का, ते ‘एनपीएम व्ह्यू’नं बघा. नसेल तर तोही बेवारसच समजा. असे एसडीके बहुधा दोनचार पोस्ट कॉलच (सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या विनंत्या) करतात. नोड १८ पासून अशा विनंत्या पाठवणारं फेच अंगभूत आहे, तेवढा भाग स्वतः लिहिणं मला परवडतं. तोवर ओव्हरराइड्समध्ये रिक्वेस्टच्या जागी सायप्रेस या टेस्टिंग साधनाच्या टीमनं सांभाळलेला फोर्क (मूळ कोडची वेगळी वाढवलेली प्रत), तिसरी आवृत्ती, टोपणनावानं लावता येतो. मग एक खरा एसएमएस पाठवून बघा. नुसत्या हिरव्या टेस्टवर विसंबू नका.

ओव्हरराइड्सना एनपीएम ८.३ किंवा पुढची आवृत्ती लागते, यार्न या एनपीएमच्या पर्यायात त्यालाच रेझोल्यूशन्स म्हणतात. हे चालतं फक्त मूळ प्रोजेक्टच्या फाइलमध्ये. तुम्ही लायब्ररी प्रकाशित करत असाल तर तुमच्या वापरकर्त्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही, म्हणून मी प्रत्येक नोंदीसाठी एक इश्यू उघडून ठेवते : का टाकली, कोणतं पॅकेज सुधारलं की काढायची.

आणि बरीच वर्षं अपडेट नाही म्हणून कुठलंही पॅकेज मेलेलं धरू नका. वीस ओळींचं, एकच काम करणारं पॅकेज कधीकधी फक्त पूर्ण झालेलं असतं. मला जास्त धास्ती वाटते ती झोपलेलं पॅकेज अचानक जागं झालं की. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीमच्या लेखकानं सांभाळायची जबाबदारी एका अनोळखी माणसाकडे दिली, आणि त्यानं फ्लॅटमॅप-स्ट्रीममार्फत कोपे या बिटकॉइन वॉलेटवर नेम धरणारा कोड आत घुसवला. म्हणून लॉकफाइल (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल) रिपॉझिटरीत ठेवा, सीआयमध्ये (कोडची आपोआप होणारी तपासणी) लॉकफाइलप्रमाणेच इन्स्टॉल करणारं ‘एनपीएम सीआय’च चालवा, आणि लॉकफाइलमधला फरक रिव्ह्यूत खरंच वाचा.

टीम लीडना सांगा : रिक्वेस्ट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांसाठी चालणाऱ्या कोडमध्ये, आहे, ते या स्प्रिंटमध्ये, ईएसलिंट पुढच्या.