शेवटाकडून वाचायचे शब्द

रावपुऱ्यातून एक वाचक: वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी’ लिहिलंय. घरात सगळे म्हणतात, पथरी काढली. नुसते खडे काढले की पित्ताशयही?

पित्ताशयच काढलं. हे शब्द शेवटाकडून वाचावेत. ‘एक्टॉमी’ म्हणजे कापून बाहेर काढणं. आधीचं ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी आणि ‘कोले’ म्हणजे पित्त. तिन्ही तुकडे ग्रीक. खड्यांचा यात उल्लेखच नाही. खड्याला ‘लिथ’ म्हणतात. निदानाच्या ओळीत ‘कोलेलिथायसिस’ असेल, तर ते खडे.

शेवट नीट वाचा, कारण एका अक्षराने अर्थ फिरतो. ‘कोलेक्टॉमी’त मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात, ‘कोलोस्टॉमी’त आतड्याला पोटावर तोंड करून देतात, कारण ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. नुसतं ‘टॉमी’ असेल तर फक्त छेद. पुढे कधी वडिलांचं पोट दुखलं, तर नव्या डॉक्टरांना ‘पथरीचं ऑपरेशन झालंय’ एवढंच सांगू नका, हे कार्ड दाखवा. पित्ताशय नाही हे त्यांना आधीच कळलेलं बरं.

मांजलपूरहून एक ताई: सासूबाईंच्या साखरेबद्दल डॉक्टर हायपो म्हणाले की हायपर, फोनवर कळलंच नाही. लक्षात कसं ठेवू?

‘हायपर’ म्हणजे वर, आपल्या ‘उपरि’चा सख्खा भाऊ. ‘हायपो’ म्हणजे खाली. तो ‘उप’च्या कुळातला. पण फोनवर कानावर विसंबू नका, आकडा विचारा. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली तर हायपो. त्यात घाम फुटतो, हात थरथरतात; शुद्ध असेल तर लगेच साखर द्यायची. हायपरमध्ये तीच साखर त्रास वाढवते. म्हणून ही गफलत परवडणारी नाही.

दांडिया बाजारातून एक आजोबा: ॲनिमिया आणि लुकेमिया एकाच जातीचे आजार का?

नाही. ‘एमिया’ म्हणजे रक्ताची अवस्था, एवढंच दोन्हींत समान. ‘ल्यूकोस’ म्हणजे पांढरा. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेलं रक्त पाहून फिरखो या जर्मन डॉक्टरांनी १८४७ मध्ये हे नाव दिलं. तो रक्ताचा कर्करोग. ॲनिमियातला ‘अन्’ आपल्या ‘अनादर’, ‘अनंत’मधलाच, स्वरापुढे येणारा नकार. मात्र शब्दशः ‘रक्त नाही’ असं समजून घाबरू नका. हिमोग्लोबिन कमी, एवढाच त्याचा अर्थ. ते का कमी झालं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

नीटची तयारी करणारी मुलगी: किडनीला कधी ‘नेफ्रो’, कधी ‘रीनल’ का?

पहिला ग्रीक, दुसरा लॅटिन. दोन्ही पाठ कर.