लिओनिनच्या आधी कोण?

प्रश्न : युरोपातील चर्चसंगीतात दोन किंवा अधिक आवाज एकाच वेळी निरनिराळ्या स्वरावली गातात. अशा बहुस्वरी रचना करणारा, नावानिशी सांगता येईल असा पहिला रचनाकार पॅरिसचा लिओनिनच मानावा काय?

उत्तर : लिओनिन बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी इंग्लंडमधील विंचेस्टरच्या मठात वुल्फस्टन नावाचा भिक्षू मुख्य गायक होता आणि माझा कौल त्याच्याकडे झुकतो. बिशप एथेलवोल्डचा हा शिष्य उत्तम लॅटिन कवीही होता. संत स्विदनवरील आपल्या दीर्घकाव्याच्या प्रास्ताविकात त्याने तिथल्या ऑर्गनचे, म्हणजे भात्यांच्या हवेने नळ्यांतून वाजणाऱ्या वाद्याचे, वर्णन केले आहे : ४०० नळ्या, २६ भाते आणि ते हलवताना घामाघूम होणारी ७० माणसे. (कवीने मोजलेले आकडे आहेत, हे ध्यानात ठेवावे.)

आज केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात असलेल्या, विंचेस्टरमध्ये अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या एका हस्तलिखितात दोन आवाजांच्या दीडशेहून अधिक रचना सापडतात. 'ऑर्गानम' या प्रकारातल्या या रचनांमध्ये मूळ स्तोत्राला दुसऱ्या आवाजाची जोड दिलेली असते. मात्र हा जोड-आवाज मूळ चालीपासून वेगळा लिहिलेला आहे, आणि तोही स्वराची उंची दाखवणाऱ्या रेघांवर नव्हे, तर शब्दांच्या डोक्यावर काढलेल्या 'न्यूम' या खुणांनी. स्वर चढतो की उतरतो आणि एका अक्षरावर किती स्वर येतात एवढे या खुणा सांगतात. नेमका स्वर कोणता, ते सांगत नाहीत. चाल आधीच पाठ असलेल्या गायकाला त्याची गरजही नव्हती. त्यामुळे अभ्यासकांना नंतरच्या, रेघांवर लिहिलेल्या पोथ्यांमधून मूळ चाल घ्यावी लागते आणि आवाज समांतर कुठे चालावेत, ओळीच्या अखेरीस एका स्वरावर कसे मिळावेत, याविषयीच्या तत्कालीन नियमांच्या आधारे दुसरा आवाज जुळवावा लागतो. साहजिकच एकाच रचनेची दोन अभ्यासकांनी केलेली मांडणी तंतोतंत जुळेलच असे नाही.

या रचनांवर वुल्फस्टनचे नाव नाही. त्या मठातील मुख्य गायकाचे त्याचे पद आणि स्वरमेळावर त्याने एक उपयुक्त ग्रंथ लिहिला होता ही बाराव्या शतकातील इतिहासकार माम्सबरीचा विल्यम याने केलेली नोंद, या दोन गोष्टींवरून निदान काही रचना तरी त्याच्या असाव्यात असा तर्क केला जातो. तो ग्रंथ मात्र आज उपलब्ध नाही.