सगळ्यांच्या कडेवर जाणारं मूल

इंदूर

प्रिय मुली,

परवा फोनवर तू तुझ्या दत्तक लेकाबद्दल म्हणालीस, "काकू, तो सगळ्यांच्या कडेवर जातो, फक्त माझ्या जात नाही," आणि तुला रडू फुटलं. मला तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तुझ्या सासरी त्याचं कौतुक चाललंय, किती लाघवी, नवखेपणा म्हणून नाहीच. आमच्याकडेही असंच झालं होतं. आमचा मुलगाही दत्तक, घरी आला तेव्हा चार वर्षांचा होता. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला कापड मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला आम्ही राजवाड्यापाशी उभे होतो, आणि हा एका फुगेवाल्याचं बोट धरून निघालासुद्धा. त्या भल्या माणसानेच परत आणून दिला. घरच्यांना त्यात धीटपणा दिसला. मला मात्र रात्रभर झोप नाही. एवढं मूल गर्दीत आई दिसेनाशी झाली की कावरंबावरं होतं. त्याने मला शोधलंच नव्हतं.

पुढे बालमानसोपचारतज्ज्ञांनी उलगडून सांगितलं. तान्हं मूल रडतं, कुणीतरी येतं, उचलतं, पोट भरतं. हे हजारदा झालं की त्या 'कुणीतरी'ला चेहरा येतो. लळा लागतो तो असा. अनाथ मुलांच्या संस्थेत मुलं पुष्कळ आणि सांभाळणाऱ्या बायका पाळीपाळीने बदलणाऱ्या, त्यामुळे चेहरा ठरतच नाही. मग काही मुलं मिटून जातात, दुखलं-खुपलं तरी जवळ येत नाहीत. काही दिसेल त्याला बिलगतात. २०१३ पासून अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत हे दोन वेगवेगळे विकार मानले आहेत. पण निदान तू-मी करायचं नाही. कमी ऐकू येणं, स्वमग्नता यांमुळेही मूल तुटक वागू शकतं, म्हणून त्या तपासण्याही करून घे.

रुमानियातल्या बुखारेस्टचा, संस्थेत वाढलेल्या मुलांवरचा अभ्यास वाचून तू घाबरलीस. तो २००० साली सुरू झाला, संस्थांमधली १३६ मुलं त्यात होती आणि निम्म्यांना सांभाळणारी कुटुंबं मिळाली. दोन वर्षांची व्हायच्या आत घर मिळालेली मुलं जास्त सावरली हे खरं. पण मिटून गेलेली मुलं कुटुंबात पुष्कळ उमलली, हेही त्यातच आहे. परक्यांना बिलगण्याची सवय मात्र चिवट निघाली. तुझ्या तीन वर्षांच्या लेकाचं हे असं असेल, तर काळ महिन्यांत मोजू नकोस.

"प्रेम द्या, सगळं ठीक होतं," असं लोक सांगतील. मला ते पटत नाही. प्रेमाआधी त्याला तीच माणसं, तीच वेळ, तेच हात हवे आहेत. निदान सहा महिने भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, पडल्यावर फुंकर घालणं फक्त तुम्हा दोघांचं. सासूबाईंना हे लागेल. त्यांना नुसतं "घेऊ नका" म्हणू नकोस. "तो तुमच्याकडे आला की 'चल, आईकडे जाऊ' म्हणत माझ्याकडे आणून द्या," एवढं काम त्यांच्यावर सोपव. आमच्या घरी हे काम माझ्या सासूबाईंनी जितकं निभावलं, तितकं मलाही जमलं नव्हतं.

उशीखाली पोळीचे तुकडे सापडले म्हणालीस. त्याला चोरी म्हणायचं नाही. त्याचा हात पोचेल तिथे शेवेचा डबा ठेव, रिकामा होऊ देऊ नकोस आणि भरताना त्याला दिसू दे. आमच्याकडे असा डबा दोन वर्षं होता. एक दिवस त्यात मुंग्या दिसल्या, कारण कितीतरी दिवसांत त्याने तो उघडलाच नव्हता. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

ताट भिरकावलं तर खोलीत कोंडू नकोस. एकटं पडणं त्याला पाठ आहे. तिथेच जमिनीवर बस, फार बोलू नकोस, मग दोघांनी मिळून सांडलेलं भरा. आणि मुलाला बळाने दाबून धरणारा कुठलाही 'उपचार' कुणी सुचवला, तर त्याला घेऊन तडक निघून ये. अमेरिकेत २००० साली अशाच प्रकारात दहा वर्षांची मुलगी गुदमरून गेली.

दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो. समाजसेविका आली की "सगळं छान" म्हणू नकोस. मूल काढून घेतील या भीतीने मी पहिल्या भेटीत लपवलं, आणि मदत सहा महिने उशिरा मिळाली.

रविवारी मी येते. त्याला खाऊ आणणार नाही, मांडीवर घेणार नाही. तो माझ्याकडे धावत आला तर तुझ्याकडे बोट दाखवीन. तू तेवढी समोर जमिनीवर बसून राहा.

तुझी,
काकू