बाबांना दारू सोडायची गोळी चालू आहे, त्रास होतोय. बंद करू का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाबाले डायसल्फिराम २५० चालू होऊन तीन आठवडे झाले, दिवसभर पेंगतात, तोंडाले लसणावाणी वास येते, जेवण जात नाही, अन् काका म्हणते की आता बंद कर, पुढं लागलीच तर न सांगता भाजीत टाकून देऊ. मी काही डॉक्टर नाही, वरोऱ्याकडं कापूस-सोयाबीन करतो. पण ही गोळी दोनदा खाल्ली आहे, एकदा न कळता अन् एकदा कळून, म्हणून लिहून राहिलो.

आधी काकाचं. भाजीत टाकायचं डोक्यातून काढून टाका. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ला दारूबंदी झाली, पण माझी काही सुटली नव्हती. नदी ओलांडून वणीले जायचं, नाहीतर मोहाची होतीच. घरची कंटाळली होती, कोणीतरी तिले ह्या गोळ्या आणून देल्या अन् वरणात चुरून घाल म्हणे. पोळ्याच्या दिवशी बैलाचा मान म्हणून मी प्यायलो नव्हतो, तिनं तोच दिवस धरला. दुसऱ्या दिवशी करीले मित्रासंगं बसलो, दुसरा गिलास संपला नव्हता तर तोंड लालबुंद, छातीत थ्रेशर चालल्यावाणी धडधड, ओकाऱ्या थांबेनात, मग घाम अन् डोळ्यापुढं अंधारी. वाटलं भेसळीची पेलो, आता काही खरं नाही. मित्र पळाले ते वेगळंच. दवाखान्यात बीपी पार खाली गेला होता, डॉक्टर विचारे काय खाल्लं, काय पेलं, कोणती गोळी, अन् मले काय माहीत! घरची कोपऱ्यात उभी, भीतीनं बोलेना. सलाईन लागल्यावर रडत रडत सांगितलं तिनं. एखाद्याचं हार्ट कमजोर असतं तर तेवढ्यात गेला असता तो. अन् फायदा काय झाला, तर सहा महिने मी तिच्या हातचं जेवण संशयानं खाल्लं, अन् दारू आणखी वाढली.

गोळी करते काय ते मले नंतर ओपीडीत कळलं. दारू पोटात गेली की लिव्हर तिचं आधी एक विषारी द्रव्य बनवते, अन् मग ते साफ करते. ही गोळी ते साफ करायचं कामच अडवते, पाटाचं खालचं दार बंद केल्यावर पाणी मागं तुंबते ना, तसं ते विष अंगात तुंबते. म्हणजे गोळी दारूची तलफ मारत नाही, फक्त भीती घालते. (हे सापडलं तेही गमतीनंच, डेन्मार्कमधे १९४० च्या दशकात दोघं जण जंतावर औषध शोधत होते, स्वतःच गोळी खाऊन पाहिली अन् मग दारू घेतल्यावर त्याईले त्रास झाला.)

तर बाबाले आता जे होऊन राहिलं ते वेगळं, ते नुसत्या गोळीचं आहे. मलेही २०२१ मधे, दुसऱ्यांदा, अगदी हेच झालं. त्याच वर्षी आमच्याकडची बंदी उठली, दुकानं उघडली अन् मी सोडली, लोक अजून हसतात. पहिला महिना तोंडात लोखंड चघळल्यावाणी चव, अन् दुपारी धुऱ्यावर बसलो की झोपच. डॉक्टरले सांगितलं तर सकाळची गोळी रात्री केली, झोपेचा प्रश्न तिथंच मिटला. चव दीड महिन्यानं गेली. पाचव्या महिन्यात तळपायाले मुंग्या यायले लागल्या, मी वाटलं चिखलात उभं राहून असंन, सांगितलंच नाही महिनाभर, तो गाढवपणा होता. या गोळीनं नसाले त्रास होऊ शकते, दारूनंही होते, डॉक्टरनं डोस कमी केला. अन् पारावर जे बोलतात की मर्दानगी जाते, तेही पूर्ण खोटं नाही, काहीले थोडा फरक पडते, पण बाबा हो, त्याआधी दारूनं काय शिल्लक ठेवलं होतं?

आता ज्यानं लोक फसतात ते. शेवटच्या गोळीनंतरही असर दोन आठवड्यापर्यंत राहू शकते. आमच्या गावात एकानं साळ्याच्या लग्नासाठी तीन दिवस आधी गोळी बंद केली, वरात निघायच्या आधीच त्याले दवाखान्यात न्यावं लागलं. अन् दारू फक्त बाटलीत नसते. काही खोकल्याच्या औषधात असते, होमिओपॅथीच्या थेंबात असते, द्राक्षासव, दशमूलारिष्ट ह्यात तर असतेच, घरचे ताकद यावी म्हणून प्रेमानं पाजतात. माझ्या दाढीनंतर न्हाव्यानं लोशन चोपडलं अन् गालाची आग आग झाली, तेव्हापासून नुसती तुरटी.

हीच गोळी सोसत नसंन तर दुसऱ्याही आहेत, ते डॉक्टरच पाहतीन. ओपीडीत माझ्या बाजूले बसणाऱ्या गुरुजीले नाल्ट्रेक्सोन होती, पहिला आठवडा मळमळ अन् डोकं दुखे, मग बरं वाटलं. फक्त त्यावर ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी चालत नाही, म्हणून गाडीवरून पडला बिडला तर आधी सांगायचं. दुसऱ्या एकाले अकॅम्प्रोसेट, ३३३ च्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, त्याले जुलाब लागले होते. एवढ्या गोळ्या शेतात नेऊन टायमावर कोण खाईन, मले तर जमलं नसतं.

डोळे पिवळे दिसले, लघवी चहावाणी झाली, उजव्या बरगडीखाली दुखलं, किंवा बाबा असंबद्ध बोलायले लागले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, पुढची गोळी न देता त्याच दिवशी न्या, कारण कधीकधी लिव्हरवर सूज येते. नाहीतरी लिव्हरची रक्ततपासणी अधूनमधून लागतेच, तुमची झाली का? जेवण जात नाही म्हणता म्हणून विचारून राहिलो, ते एक मले बरोबर वाटत नाही. जाताना गोळीची स्ट्रिप अन् बाकी जे काही घेतात ते सगळं पिशवीत टाकून न्या, बीपी-शुगरच्या गोळ्या अन् काकानं आणलेला एखादा काढा असंन तर तोही. दवाखाना लांब असंन तर टेलि-मानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

अन् हे सांगा, बाबाले गोळी सकाळी देता का रात्री?