'माय फादर इज हॅविंग फाइव्ह एकर लँड' हे वाक्य बरोबर आहे का?

नाही. शिष्यवृत्तीच्या निबंधात असं लिहू नका. 'माय फादर हॅज फाइव्ह एकर्स ऑफ लँड' लिहा. सातबारा बाबांच्याच नावावर असेल तर 'ओन्स' आणखी नेमकं.

मालकी सांगताना 'हॅव'ला 'इंग' लागत नाही, कारण ती चालू असलेली क्रिया नाही, स्थिती आहे. 'नो' (know, म्हणजे माहीत असणं), 'बिलाँग' यांचंही तसंच. 'ही इज हॅविंग लंच' मात्र चालतं, तिथं जेवण खरंच सुरू आहे. 'आमच्याकडे पाच एकर आहे' यातला 'आहे' आपण उगाच 'इज' म्हणून तिकडं नेतो, अन् गाडी घसरते. आमच्या यवतमाळकडं तर मास्तरही असंच बोलतात. मीही कॉलेजात जाईपर्यंत 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणत होतो, राजेहो!

एक बारीक गोष्ट: 'एकर्स' अनेकवचनी, पण 'अ फाइव्ह-एकर फार्म' लिहिलं तर 'एकर्स'मधला शेवटचा 'स' गळतो. मला हेच जास्त आवडतं, सुटसुटीत आहे. पुढं पऱ्हाटीचं लिहायचं असेल तर 'ही ग्रोज कॉटन' एवढं पुरे.

पुढच्या वेळी शंका आली तर ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीत क्रियापद पाहा, मोबाइलवर फुकट दिसते. मालकीच्या अर्थापुढं 'नॉट यूज्ड इन द प्रोग्रेसिव्ह टेन्सेस', म्हणजे 'इंग' लावून वापरत नाहीत, असं स्पष्ट छापलेलं असतं. नुसतं गूगलवर वाक्य सापडलं म्हणून बरोबर धरू नका, चुकीचंही तिथं ढीगभर सापडतं.