चाळिशीनंतर जलरंग हाती घेताना
ताई, या वयात चित्रे काढणे म्हणजे संसाराकडे आणि प्रार्थनेकडे पाठ फिरवणे, ही भीती प्रथम मनातून काढून टाका. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात देवाने बसालेल या कारागिराला आपल्या आत्म्याने भरले ते सोने-रुपे घडवण्यासाठी आणि लाकूड कोरण्यासाठी, प्रवचनासाठी नव्हे. चर्चमधली रविवारची मिस्सा (उपासना) संपली की ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर अर्धा तास बसून पाण्यातली प्रतिबिंबे केवळ पेन्सिलीने टिपावीत. रंगांची महागडी पेटी एवढ्यात घेऊ नका (मी घेतली होती, नळ्या वाळून दगड झाल्या). कागद मात्र ३०० जीएसएमचाच (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या, कारण पातळ कागद पहिल्याच पाण्यात फुगतो आणि दोष आपण स्वतःच्या हाताला देत बसतो. नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याचा पडदा रंगवण्याचे काम कोणी गळ्यात घातले, तर यंदा नम्रपणे नकार द्यावा.